हद्दीतील हिरवाई : खडकी आणि शाश्वत नगराचे निकष

‘शाश्वत नगर’, ‘शाश्वत गृहनिर्माण’, ‘हरित तंत्रज्ञान’ हे शब्दप्रयोग शासकीय धोरणपत्रांत आणि विद्यापीठीय प्रबंधांत आता इतके रुळले आहेत की, त्यांच्या घडणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ‘शाश्वत’ हे विशेषण मराठीला लाभले ते तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतून. जे नाशवंत नाही, कालाने ज्यात पालट होत नाही, ते शाश्वत. नगर ही वस्तू या अर्थाने शाश्वत असणे शक्यच नाही, आणि १९८७ साली ब्रुंटलांड आयोगाने या कल्पनेची जी व्याख्या रूढ केली तिलाही तसे काही अभिप्रेत नव्हते. पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या सामर्थ्याला बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, एवढाच तिचा आशय होता. ज्या इंग्रजी शब्दासाठी ‘शाश्वत’ योजला गेला त्याच्या धात्वर्थात पेलण्याची, खालून आधार देऊन भार वाहण्याची क्रिया आहे. भाषांतरात ती गळून गेली आणि काळाचे परिमाण तेवढे उरले. परिणामी मराठीतील चर्चा ‘किती काळ टिकेल?’ या प्रश्नाभोवती फिरते; ‘कोण पेलीत आहे?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा दोष केवळ शब्दाचा असता तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण हरित इमारतींचे जे निकष आज प्रचलित आहेत त्यांतही तोच दोष दुसऱ्या वाटेने शिरलेला आहे, आणि तो तपासावयाचा तर पुण्याच्या खडकीइतके सोयीचे स्थळ शोधून सापडणार नाही.

खडकी हे प्रथमदर्शनी हरित नगराचे सिद्ध उदाहरण वाटते. मुळा नदीचा काठ, रुंद आणि सरळ रस्ते, त्यांवर दुतर्फा जुन्या झाडांची छाया, विस्तीर्ण आवारांत मागे सरून उभे असलेले कौलारू बंगले. शहराच्या गजबजलेल्या भागातून येथे येणाऱ्यास हवेतला फरक अंगाला जाणवतो. नगररचनेचे विद्यार्थी ज्या गुणांची यादी पाठ करतात ते बहुतेक येथे आयतेच हजर आहेत. तथापि याच हिरवाईच्या कुशीत खडकी बाजार आहे, दाट वस्तीचा आणि अरुंद गल्ल्यांचा. दुसऱ्या बाजूस दारूगोळा कारखान्यांतील कामगारांसाठी उभारलेली रेंजहिल्सची वसाहत आहे, आणि जेथे कटक मंडळाची हद्द संपते तेथून पुणे महानगरपालिकेची बोपोडी सुरू होते. चार वस्त्या, चार प्रकारचे भूमिहक्क, आणि अंतर म्हणाल तर पायी फिरण्याजोगे. २०११ च्या जनगणनेत कटक मंडळाच्या क्षेत्रातील लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास होती. यांपैकी झाडांच्या सावलीतील बंगल्यांत राहणारे किती थोडे, हे ज्याने हा परिसर पाहिला आहे त्यास सांगावयास नको. खडकीचे म्हणून जे हिरवेपण वाखाणले जाते ते चारांपैकी एका वस्तीचे वैशिष्ट्य आहे. उरलेल्या तिघींशी त्याचा संबंध कोणत्या प्रकारचा, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या हिरवाईचा उगम निसर्गप्रेमात नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, आणि त्यानंतर लवकरच येथे लष्करी छावणी वसली. तिला आजचे रूप येण्यास मात्र एक वेगळेच कारण घडले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक राजनियुक्त आयोग नेमण्यात आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिश्रम ज्याच्या मागे होते त्या आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांचा मृत्यू दरसाल दरहजारी ६९ या प्रमाणात होत असून त्यांतील थोडेच रणांगणावर पडतात, बाकीचे बराकीत मरतात, हा त्यातला धक्कादायक निष्कर्ष होता. रोग दूषित हवेपासून उद्भवतो हे त्या काळचे शास्त्र. त्या शास्त्राला अनुसरून दर शिपायास किती घनफूट हवा मिळते, बराकी एकमेकींपासून किती दूर आहेत, वाऱ्याच्या वाटेत काय येते आणि बाजार किती अंतरावर आहे, याची छावणीवार तपासणी झाली. पाठोपाठ १८६४ चा छावण्यांविषयीचा कायदा आला आणि मोकळी जागा, झाडे व अंतर या तीन गोष्टी लष्करी आरोग्याच्या नियमांत जाऊन बसल्या. झाडे लावली गेली ती हवेसाठी. मोकळी जागा राखली गेली ती हवेसाठी आणि ‘नेटिव’ वस्तीचा वारा लागू नये यासाठी.

दुसरे कारण याहूनही रुक्ष आहे. १८६९ मध्ये येथे दारूगोळा कारखाना निघाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यात अतिस्फोटक द्रव्यांच्या कारखान्याची भर पडली. स्फोटक पदार्थांच्या सभोवार मोकळे अंतर राखणे भागच असते. १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याने अशा स्थळांच्या परिसरातील बांधकामावर बंधने घालण्याचा अधिकार सरकारास दिला. खडकीच्या कित्येक एकर झाडीचे आजवर रक्षण केले ते रोगाच्या आणि स्फोटाच्या भीतीने. पर्यावरणाच्या आस्थेपेक्षा या दोन भीती अधिक टिकाऊ ठरल्या, हे मान्य करावे लागते.

आता बंगल्याकडे वळावे. शब्द बंगालचा, मूळ कल्पना बंगालमधील झोपडीची. इंग्रजांनी ती उचलली, वाढविली आणि छावण्याछावण्यांतून पसरविली. खडकीतील जुन्या बंगल्यांची रचना हवामानाच्या दृष्टीने पाहिली तर तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. भिंती काळ्या दगडाच्या किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या आणि हात-दीड हात जाडीच्या. दिवसभराची उष्णता आत पोहोचण्यास त्यांतून इतका वेळ लागतो की, तोवर रात्र होऊन बाहेरची हवा निवलेली असते. पुण्याच्या उन्हाळ्यात दिवस कडक आणि रात्र सुखद असल्यामुळे ही युक्ती येथे विशेष साधते. मुंबईच्या दमट हवेत तिचा इतका उपयोग होत नाही. भोवताली खोल व्हरांडा, त्यामुळे भिंतीवर ऊन थेट पडत नाही. छत उंच, छताच्या खाली झरोके. तापलेली हवा वर चढून बाहेर पडते व दारांतून गार हवा आत ओढली जाते. वर कौले. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरास कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती नळीची कौले मागे सारीत दूरवर पसरली. फुटके कौल एकटे बदलता येते, आणि वासा कुजला तर तेवढाच काढता येतो. सिमेंटच्या स्लॅबला यांतले काहीच जमत नाही. आज ज्यास ‘निष्क्रिय शीतकरण’ असे बोजड नाव देण्यात आले आहे ते सर्व या रचनेत आहे, आणि त्यासाठी विजेचा एक कणही खर्ची पडत नाही.

वीज खर्ची पडत नव्हती, हे खरे. माणूस मात्र खर्ची पडत होता. हे बंगले ज्या काळात बांधले गेले त्या काळी असा बंगला गार राही तो केवळ जाड भिंतींमुळे नव्हे. पंख्याची दोरी ओढणारा, वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी शिंपडणारा, पखाली वाहणारा भिस्ती, बाग शिंपणारा माळी, असा परिवार त्यामागे राबत असे, आणि त्याची घरे आवाराच्या मागील भिंतीला टेकून असत. त्या घरांना ना व्हरांडा, ना उंच छत. बागेला लागणारे पाणीही आकाशातून बारमाही पडत नव्हते. १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले. शेतीच्या पाण्याबरोबरच पुणे व खडकी येथील छावण्यांना पाणी पुरविणे हा त्या योजनेचा एक प्रमुख हेतू होता. तलावासाठी ज्यांची जमीन गेली त्या गावांचा उल्लेख बंगल्याच्या सौंदर्यवर्णनात कोठे येत नाही, आणि वास्तुशास्त्राच्या आजच्या पाठ्यपुस्तकांतही येत नाही. बंगल्याची स्तुती करणारे विवेचन व्हरांड्याच्या पायरीपाशी थांबते. विवेचनाची ही हद्दच येथे आक्षेपार्ह आहे. बंगल्याचे गुण खोटे आहेत असे नव्हे.

बाजाराची स्थिती नेमकी उलट. आरोग्यखात्याच्या लेखी बाजार म्हणजे दूषित हवेचे आगर, आणि म्हणून त्यावर देखरेख ठेवावयाची, त्यास वाढू द्यावयाचे नाही. छावणीला न्हावी, शिंपी, मोची, बेकरीवाला, दूधवाला, सारे हवे होते. पण त्यांच्यासाठी जागा मात्र मोजकी. परिणाम ठरलेला होता. पोटमाळे चढले, पडव्या खोल्यांत मिसळल्या आणि जेथे कौले होती तेथे पत्रे आले. पत्र्याखालील खोली मे महिन्यात काय असते याचे वर्णन करण्याची गरज नाही. हेच आरोग्यशास्त्र १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुणे शहराच्या घराघरांत सोल्जरांच्या पायांनी शिरले, आणि त्याचा शेवट २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडसाहेबाच्या खुनात झाला. खडकीला लागूनच असलेल्या या रस्त्याला नगररचनेच्या इतिहासातही स्थान आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

असे असूनही साधनांच्या वापराचा हिशेब मांडला तर बाजाराची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीवर ऊन पडत नाही. दोन घरांना मिळून एकच भिंत लागत असल्यामुळे दगड, वीट व चुना निम्मा लागतो. माणशी जागा थोडी, म्हणून दिवे, पंखे व सामान थोडे. कामाची जागा, शाळा व किराणा पायी पोहोचण्याच्या अंतरावर. तळमजल्यास दुकान आणि वर घर या जुन्या व्यवस्थेला आधुनिक नगररचनाकार ‘मिश्र वापर’ म्हणतात व तिची शिफारस करतात. बाजारातील मनुष्य पृथ्वीवर जो भार टाकतो तो बंगल्यातील मनुष्याच्या मानाने हलका आहे. मात्र शहराचा उकाडा, धूर आणि नाल्याची दुर्गंधी यांचा भार त्याच्यावर अधिक पडतो. जो कमी भार टाकतो तो अधिक पेलतो. ‘शाश्वत’ या शब्दातून गळालेले क्रियापद येथे असे प्रत्यक्ष भेटते.

विद्यमान निकषांची परीक्षा याच कसोटीवर करावयास हवी. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. इमारतीच्या भिंती व खिडक्या यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी काढून ती, थंड हवामानाचा प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी, असा तिचा गाभ्याचा नियम आहे. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे जमिनीच्या क्षेत्राशी असलेले किमान प्रमाणही तीत घालून दिले आहे. शास्त्रीय दृष्ट्या ही संहिता चांगली आहे. भिंत कोणत्या दिशेस आहे आणि तीवर सावली किती, याचा विचार तीत आहे, आणि काचेचे मनोरे उभारण्याच्या हव्यासाला तिने काही प्रमाणात तरी लगाम बसावा. परंतु ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींनाच ती लागू होते. बाजारातील घरे आकारामुळेच तिच्या कक्षेबाहेर राहतात. जेथे उष्णतेचा त्रास सर्वाधिक, त्या पत्र्याखालच्या खोलीविषयी उष्णतेची संहिता मौन पाळते.

याहून खोल असा प्रश्न एककाचा आहे. ‘गृह’ ही राष्ट्रीय मूल्यांकनपद्धती असो, उद्योगसंस्थांनी चालविलेली हरित इमारतींची परिषद असो किंवा परदेशी पद्धती असोत, ऊर्जेचा वापर मोजण्याचे त्यांचे प्रमुख एकक दर चौरस मीटर हे आहे. हे एकक निरुपद्रवी दिसते. एक काल्पनिक हिशेब करून पाहावा. ३०० चौरस मीटरच्या घरात चार माणसे राहतात आणि दर चौरस मीटरला वर्षाकाठी ४० युनिट वीज लागते. एकूण १२,००० युनिट, म्हणजे माणशी ३,०००. शेजारी ३० चौरस मीटरच्या जागेत पाच माणसे राहतात, घर जुने आहे, दर चौरस मीटरला ६० युनिट लागतात. एकूण १,८००, म्हणजे माणशी ३६०. प्रचलित एककाने पहिले घर उत्तम आणि दुसरे सदोष ठरते. माणूस हे एकक धरले तर पहिल्या घरातील व्यक्ती आठपटींहून अधिक वीज वापरते. दर चौरस मीटरच्या हिशेबात घर जितके ऐसपैस तितका भाजक मोठा, आणि भाजक मोठा झाला की उत्तर आपोआपच लहान होते. रिकाम्या दिवाणखान्यालाही येथे श्रेय मिळते. एककाची ही निवड तांत्रिक सोयीची म्हणून केली गेली असेल; तिचा सामाजिक परिणाम मात्र तटस्थ राहिलेला नाही.

महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ही विसंगती उघड्यावर येते. हरित मूल्यांकनात वरचा दर्जा मिळविणाऱ्या इमारतीस तीत मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव बांधकाम बक्षीस म्हणून देऊ केले आहे. कमी साधने वापरल्याबद्दल अधिक सिमेंट, अधिक पोलाद आणि अधिक वाळू वापरण्याची मुभा! सिमेंटच्या निर्मितीतून होणारे उत्सर्जन जगातील एकूण कर्बवायूच्या सात-आठ टक्के असल्याचे मानले जाते, हे लक्षात घेता हा व्यवहार उपवासाच्या पारण्याला मेजवानी घालण्यापैकी आहे. नियमावलीच्या कर्त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. जमीन हेच ज्या नगराचे चलन, तेथे बक्षीसही त्याच चलनात द्यावे लागते. पण त्यामुळे हिरवेपण हे विकासकाच्या नफ्याचे एक कलम होऊन बसते आणि जुन्या घराची नुसती दुरुस्ती करून ते आणखी पन्नास वर्षे वापरणाऱ्यास या हिशेबात काहीच मिळत नाही.

पुणे महानगरपालिकेची मिळकतकरातील सवलत त्या मानाने साधी आणि शहाणपणाची आहे. सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंधारण व गांडूळखत यांपैकी एक गोष्ट केल्यास ५ टक्के व दोन केल्यास १० टक्के सूट मिळते. पुण्याच्या गच्च्यांवर सौर बंब इतके सर्रास दिसतात त्यात अशा उत्तेजनाचा वाटा आहेच. २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, ही आणखी पुढची पायरी. तथापि या सर्व योजनांचे एक गृहीतक आहे, ते म्हणजे डोक्यावरील छप्पर अर्जदाराच्या हक्काचे असणे. बाजारातील भाडेकरूला, एकाच छपराखाली राहणाऱ्या पाच-सहा बिऱ्हाडांना किंवा कारखान्याच्या वसाहतीतील कामगाराला असे छप्पर नाही. सौर पट्टीची किंमत उतरली म्हणून छपराचा हक्क मिळत नाही. हरित तंत्रज्ञानाच्या चर्चेत भूमिहक्काचा विषय काढला की विषयांतर झाल्यासारखे वाटते. खडकीत मात्र तोच मुख्य विषय आहे.

छावण्यांतील अनेक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेखाली आहेत. तीत जमीन सरकारची व वास्तू धारकाची असते, आणि सरकारला गरज भासल्यास बांधकामाची किंमत देऊन जागा परत घेता येते. परवानगीवाचून तीत बदल करता येत नाही, जागेचे तुकडे पाडून विकता येत नाहीत. खडकीची विरळ वस्ती टिकून राहिली ती बव्हंशी या बंधनांमुळे. येथे एबनेझर हॉवर्डची आठवण होणे साहजिक आहे. १८९८ साली त्याने ‘उद्याननगरा’ची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तिचा प्रयोग सुरू झाला. त्याच्या योजनेतही जमिनीचे तुकडे विकावयाचे नव्हते. जमीन एकत्र ठेवावयाची होती. मोकळी जागा, झाडे, मर्यादित लोकसंख्या ही बाह्य लक्षणे छावणीशी इतकी जुळतात की, कित्येकांनी दोहोंना एकाच कुळातली मानले आहे. पण हॉवर्डच्या नगरात जमिनीची वाढणारी किंमत रहिवाशांच्या सामाईक तिजोरीत जावयाची होती आणि तीतून शाळा, दवाखाने व रस्ते व्हावयाचे होते. छावणीत जमीन एकत्र आहे, परंतु तिच्या मोलावर रहिवाशांचा हक्क नाही. हॉवर्डच्या कल्पनेचा गाभा जमिनीच्या मोलाच्या वाटणीत होता, झाडे त्यामागून यावयाची होती. त्याच्या नावाने आज ज्या ‘उद्याननगरी’ विकल्या जातात त्यांनी झाडे उचलली, वाटणी सोडून दिली. त्यांचे घराणे लेचवर्थचे नव्हे, छावणीचे आहे. कुंपण, पहारेकरी आणि मागील बाजूस नोकरांची वाट, या तीन खुणा ते सिद्ध करण्यास पुरेशा आहेत.

या विवेचनाला आज एक तातडीचे कारण आहे. २०२३ साली केंद्र शासनाने छावण्यांतील नागरी भाग अलग करून तो लगतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे धोरण अंगीकारले. हिमाचल प्रदेशातील योल ही त्यानुसार रद्द झालेली पहिली छावणी. खडकी व पुणे येथील नागरी भाग पुणे महानगरपालिकेत जाण्याचा विषयही तेव्हापासून चर्चेत आहे. असे विलीनीकरण झाल्यास शहरासाठी असलेली विकास नियमावली बाजाराला लागू होणे ओघानेच येते. त्यातून बाजारातील रहिवाशास घराची पुनर्बांधणी करता येईल, कटक मंडळाच्या अपुऱ्या उत्पन्नामुळे ज्या सोयी रखडल्या त्या मिळू शकतील, हा लाभ थोडा नाही. बंगल्यांची झाडी शहराला उपकारक असल्याने छावणी जशीच्या तशी राहू द्यावी, असा एक पक्ष आहे. त्यातील पहिला अर्धा भाग निःसंशय खरा आहे: ही झाडी परिसराचे तापमान उतरविते, आणि येथील सच्छिद्र माती व झिजलेला खडक पावसाचे जे पाणी मुरवितात ते सिमेंटच्या अंगणातून मुरणार नाही. परंतु बाजाराची कोंडी ही त्या झाडीची किंमत म्हणून पुढेही चालू ठेवावी, असा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो तो १८६३ च्या अहवालाचीच नवी आवृत्ती होय. दुसरा पक्ष मोकळ्या जागेकडे केवळ न वापरलेला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणून पाहतो. त्याच्याशी वाद घालण्यात फारसे स्वारस्य नाही. त्यास हरित हे विशेषण जाहिरातीपुरतेच हवे असते.

दोन्ही पक्षांच्या दृष्टीआड राहते ती नदी. पवना ही मुळेला दापोडीपाशी मिळते. तेथून मुळा बोपोडी व खडकीच्या कडेने होळकर पुलाखालून संगमाकडे जाते. खडकीने आपल्या हद्दीत कितीही झाडे राखली तरी पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी तिच्या काठाने वाहतच राहणार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवना, मुळा, मुठा व मुळा-मुठा या चारही नद्या होत्या. २०२२ साली पायाभरणी झालेल्या, ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ प्रकल्पाने काठाच्या शोभेचा विचार विस्ताराने केला आहे. पुराच्या पाण्याला पसरण्यास जागा किती उरते, या मुद्द्यावर त्याच्यावर घेतले गेलेले आक्षेप हलके नाहीत, विशेषतः २५ जुलै २०२४ च्या पुरात सिंहगड रस्त्यावरील वसाहती पाण्याखाली गेल्यानंतर. एका इमारतीला, एका वसाहतीला किंवा एका कटक मंडळाला ‘शाश्वत’ असे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे जहाजातील एका खोलीला न बुडण्याचे प्रशस्तिपत्र देण्यासारखे आहे.

मग मोजावे कशाने? याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच या प्रांतात येऊन गेले आहे. पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे वारस. इंदूरविषयी १९१८ साली लिहिलेल्या आपल्या अहवालात, आणि अन्य नगरांच्या अहवालांतही, गेडिस यांनी आरोग्यखात्याच्या पाडापाडीला विरोध केला. आधी गल्लीगल्लीतून पायी फिरून पाहणी, मग रोगनिदान आणि नंतर गरजेपुरती, जपून केलेली शस्त्रक्रिया, अशी त्यांची पद्धत होती: एखादे पडके घर काढून चौक मोकळा करावा, विहीर उपसावी, झाड लावावे, बाकीची वस्ती नांदती ठेवावी. त्यांच्या लेखनात गूढ आकृत्यांचा पसारा पुष्कळ आहे व त्यातला बराच भाग आता वाचवत नाही. पण पाहणीचे एकक वस्ती आणि नदीखोरे हे असावे, हा त्यांचा आग्रह आजच्या चौरस मीटरपेक्षा अधिक शास्त्रीय होता. घरटी पाहणीची परंपरा पुण्याला नवीन नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली, आणि १९५६ मध्ये फेरपाहणीही निघाली.

खडकीची अशी पाहणी हाती घेतली तर तीत इमारतींच्या दर्जापेक्षा वेगळे प्रश्न विचारावे लागतील. माणशी वीज आणि पाणी किती. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याखालील, स्लॅबखालील व कौलाखालील खोलीचे तापमान किती. छप्पर कोणाच्या नावावर आहे. दुरुस्तीचा अर्ज मंजूर होण्यास किती महिने लागतात. रोज पायी कामावर जाणारे किती. यांतील शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोच्या गाड्या खडकीवरून न थांबताच जात होत्या, कारण स्थानक अपुरे होते. ते २०२५ मध्ये उघडले. मेट्रोच्या सान्निध्याबद्दल नव्या संकुलांना मूल्यांकनात गुण मिळतात. बाजारातील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यात आणि रेल्वे स्थानकावर पायी जात आला, त्याची नोंद कोणत्याच पत्रकात नाही. पाहणीची हद्द मात्र कटक मंडळाच्या दगडांनी ठरवून चालणार नाही. ती दापोडीच्या संगमापासून होळकर पुलापर्यंत, नदीच्या दोन्ही तीरांवरील वस्त्या धरून आखावी लागेल, आणि मुळेला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा नमुना घेऊन तो कोणत्या वस्तीतून आला हे त्यासमोर लिहावे लागेल.